टार्गेट झालं, आता बॅगेत काय काय भरता?

आधी अभिनंदन, भाऊ. अळीचं औषध म्हणा, तणनाशक म्हणा, टॉनिक म्हणा, कंपनीनं सांगितले तेवढे डबे तुम्ही खपवले आणि थायलंडच्या टूरमध्ये तुमचं नाव लागलं. कृषी केंद्राच्या काउंटरवर आता पासपोर्टची झेरॉक्स आहे, तिच्याखाली उधारीची वही. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, जेवण कंपनीचं. तुमच्याकडे काम उरलं एकच: सोबत कोणती यंत्रं न्यायची आणि फोनमध्ये कोणती ॲपं टाकायची. हे काम हलक्यात घेऊ नका. पट्टायाचा समुद्र परत आल्यावर आठवड्यात विसरला जातो, तिथून टाकलेला फोटो पानठेल्यावर वर्षभर चालतो.

पॉवरबँक सगळ्यात मोठी घ्या. लाईन जाण्याची भीती आपल्याला बाळकडूतच मिळालेली असते, त्यामुळे परदेशात चोवीस तास वीज असते यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. आठवडी बाजारात ५०,००० एमएएच छापलेलं विटेएवढं धूड मिळतं, तेच घ्या. विमानवाले एमएएच मोजत नाहीत, वॅट-अवर मोजतात. १०० वॅट-अवरपर्यंत कोणी विचारत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर बिलकुल नाही. हिशेब बियाण्याच्या बिलापेक्षा सोपा आहे. एमएएचला ३.७ नं गुणायचं, हजारानं भागायचं. २०,००० ची पॉवरबँक ७४ भरते, ३०,००० ची १११, आणि तुमचं धूड १८५. अर्थात त्यावर छापलेला आकडा खरा नसतो, पण हे तुम्ही सुरक्षा तपासणीवाल्याला समजावून पाहा. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअरची बॅटरी हिशेबानं ९६ वॅट-अवर होते, म्हणजे काट्यात बसते. तरी नेऊ नका. तिला औषधाचा वास येतो आणि विमानतळावर हुंगणारी कुत्री फिरत असतात.

पॉवरबँक हातातल्या बॅगेत ठेवायची, खाली जाणाऱ्या सामानात नाही, असा नियम आहे. तो जरूर मोडा. मग विमानतळाच्या भोंग्यावर तुमचं नाव गावासकट पुकारलं जातं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पाणीपट्टीच्या थकबाकीत वाचलं जायचं, त्याच्यापेक्षा हे बरं. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एक प्रवासी विमान उडायच्या आधीच पेटलं आणि संशय पॉवरबँकेवर गेला. तेव्हापासून आशियातल्या बऱ्याच विमान कंपन्या प्रवासात ती वापरू देत नाहीत. म्हणजे नेता येते, वापरता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक शासकीय योजनांची सवय असल्यानं तुम्हाला यात नवल वाटू नये.

अडॅप्टरही घ्या, गरज नसली तरी. थायलंडच्या बहुतेक सॉकेटमध्ये आपल्या मोबाईलचा दोन बारीक पिनांचा चार्जर सरळ बसतो, वीजही २२०-२३० चीच आहे. बसत नाही ती घरून नेलेल्या किटलीची तीन जाड पिनांची खुंटी. आणि वहिनींनी बॅगेत किटली घातलेलीच असणार.

आता ॲपं. १ मे २०२५ पासून थायलंडला उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड नावाचा एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि फुकट असतो. फुकट असल्यामुळे त्याच्यावर तुमचा भरवसा बसणार नाही, हे ओळखून काही लोकांनी तशाच दिसणाऱ्या पैसे घेणाऱ्या वेबसाइट काढून ठेवल्या आहेत. तिथेच भरा. दुकानात लेबल पाहून विकायची सवय, एकदा लेबल पाहून घ्यायचीही मजा पाहा.

पैशाचं असं आहे की तिथे नारळपाणीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड दिसेल आणि तुम्हाला एकदम यवतमाळच्या बसस्टँडवर आल्यासारखं वाटेल. तो प्रॉम्प्टपेचा असतो, म्हणजे त्यांच्या देशाच्या यूपीआयचा. फोन उंच धरून रांग अडवून ठेवा, मागचे लोक थाई भाषेत काय बोलतात ते आपल्याला कळत नाही हा त्यातला आनंद. मग कार्ड काढाल, तर बँक ओटीपी मागेल, आणि ओटीपी येईल त्या सिमवर जे तुम्ही तिथलं टुरिस्ट सिम टाकताना काढून, कागदात गुंडाळून, पाकिटात ठेवलं. ज्याच्या फोनला ई-सिम चालतं किंवा दोन सिम बसतात त्यानं जुनं सिम आत ठेवून फक्त त्याचा डेटा बंद करावा, एवढं साधं आहे. पण साधं करायला कंपनीनं तुम्हाला नेलं नाही.

भाषांतराचं ॲप टाका, थाई भाषा आधीच डाउनलोड करा म्हणजे नेटशिवाय चालेल, आणि ते उघडू नका. कारण बसमध्ये चार जिल्ह्यांतले कृषी केंद्रवाले, गाइड हिंदीत बोलणारा, जेवण पनीर आणि जिरा राइसचं. ज्या थाई माणसाशी तुम्ही बोलाल तो हॉटेलच्या दारातला, आणि तो आधीच ‘नमस्ते’ म्हणतो.

विरंगुळ्यासाठी पत्ते नेत असाल तर जोड मोजून न्या. थायलंडमध्ये पत्त्यांचा कायदा आहे, परवानगीशिवाय एकाजवळ १२० पेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. दोन जोडांचे १०४ होतात, तिसऱ्या जोडानं तुम्ही गुन्हेगार. थट्टा नाही, २०१६ मध्ये याच पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ विदेशी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पोलिसांनी धरून नेलं होतं. फोनमधले पत्ते मात्र कोणी मोजत नाही. ॲपचा खरा उपयोग म्हणाल तर हा एक.

गावाकडच्या वस्तूंवर नजर ठेवायची सोय तर हवीच. दुकानाचा सीसीटीव्ही फोनवर जोडून घ्या, म्हणजे बुद्धाच्या साडेपाच टन सोन्याच्या मूर्तीसमोर उभं राहून दुकानातला पोऱ्या रीळ पाहतो की गिऱ्हाईक, ते कळत राहील. विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर विसरू नका. डिसेंबर आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, लाईनची पाळी रात्रीची आहे. पट्टायाच्या वाळूत पडल्या पडल्या फोन लावा, मोटर चालू. तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे एवढं ध्यानात ठेवा. गारठ्यात स्प्रिंकलरचे पाइप उचलून दुसऱ्या ओळीवर न्यायला मात्र सालगडीच जातो. त्याचं ॲप अजून निघालं नाही.

आता स्टेटस. खरं तर हा लेख एवढ्याचसाठी आहे. कॅमेरा कितीही भारी घ्या, सेल्फी स्टिक, छातीला बांधायचा कॅमेरा, पाण्यात भिजणारा कॅमेरा, सगळं घ्या. (ड्रोन नको. तिथे दोन सरकारी कार्यालयांत नोंदणी लागते, आणि तुम्हाला एकाच तालुका कार्यालयाचा अनुभव पुरला आहे.) अडचण फोटो काढण्याची नाही, दाखवण्याची आहे. व्हॉट्सॲपवर ‘अमुक सोडून बाकी सर्वांना’ अशी सोय आहे. आधी वगळा त्यांना, ज्यांचं सोयाबीन उगवलं नाही आणि ज्यांचा अर्ज पंचायत समितीत पंचनाम्याच्या वाटेवर आहे. मग त्यांना, ज्यांच्याकडून उधारीवर व्याज लावून घेता. मग त्यांना, ज्यांनी ‘भाऊ, स्वस्तातलं द्या’ म्हटल्यावर तुम्ही स्कीमवरचा महाग डबा गळ्यात मारला. मग त्यांना, ज्यांना एका फवारणीत भागलं असतं तिथे तीन डबे लिहून दिले. यादी करत बसाल तर लक्षात येईल की फोनमधले सगळेच वगळले गेले. उरले ते कंपनीचा एरिया मॅनेजर आणि तुमचे साळे. एरिया मॅनेजर तर शेजारच्याच खोलीत आहे.

म्हणून वगळू नका, टाकून द्या. चोवीस तासांत स्टेटस आपोआप जातं, ‘कोणी पाहिलं’ ती यादी तेवढी वाचत जा. जो कधीच ‘छान’ म्हणत नाही पण दर वेळी पाहतो, त्याच्याच डब्यांवर तुम्ही समुद्रात पॅराशूटला लटकला आहात. त्याला एक अंगठा पाठवा. नाही पाठवला तरी चालेल, त्याची बॅटरी तेव्हा पंपात असते.

स्मार्ट घड्याळ, कानातलं, बॅग शोधायचं टॅग हे घ्यायचं तर घ्या. टॅग नागपूरपर्यंत कामाचं आहे. पुढे गावाच्या फाट्यावर ते मुकं होतं, कारण आजूबाजूनं जाणाऱ्या फोनांच्या भरवशावर ते चालतं, आणि फाट्यावरून रात्री नऊनंतर कोणी जात नाही.

एक गोष्ट घडणारच आहे, तिची तयारी ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही बोटीत असताना, फोन वाजेल. “भाऊ, कुठी हाय तुमी? हरभऱ्याले घाटेअळी लय झाली, कोन्तं औषध मारू?” रोमिंगचे पैसे मिनिटावर लागतात, म्हणून उचलू नका. व्हॉइस मेसेज टाका, लाटांचा आवाज येणार नाही असा आत केबिनमध्ये जाऊन: “मीटिंगमधी हाओ. दुकानात पोट्टं हाय, तो देईन.” पोट्टं देईलच. मागच्या फळीवर नवीन स्कीमचा माल लागला आहे, तुम्हीच निघताना लावून आलात. पुढच्या वेळी दुबई आहे म्हणतात. तिथलं सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं, तेव्हा तो अडॅप्टर इथे हॉटेलच्या भिंतीत विसरून येऊ नका.