चिंचेच्या शेजारी, चिंचेवर नव्हे

गेल्या हिवाळ्यात मोहोळ तालुक्यातल्या एका हुरडा पार्टीच्या ठिकाणी सहकुटुंब जाण्याचा योग आला. आगटीतला हुरडा गोड होता, सोबतच्या शेंगाचटणीविषयी सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मात्र जेवणानंतर यजमानांनी मोठ्या कौतुकाने दाखवलेले 'ट्री हाऊस' पाहून मन खट्टू झाले. एका माणसाच्या कवेत मावणार नाही अशा जुन्या कडुनिंबाला तीन ठिकाणी वायररोप करकचून आवळून त्यावर लोखंडी चॅनेल टेकवलेले होते आणि त्या चॅनेलवर खोली उभी होती. 'झाडाला एकही खिळा मारलेला नाही, एक भोकसुद्धा पाडलेले नाही,' असे ते पुनःपुन्हा सांगत होते. त्यांचा हेतू स्वच्छ होता याविषयी मला शंका नाही. तरीही माझे मत असे आहे की त्या कडुनिंबाला दहा-वीस खिळे ठोकले असते तरी इतका मोठा धोका झाला नसता, आणि हे मत थोडे विचित्र वाटेल म्हणून सविस्तर लिहितो.

झाडाच्या खोडाचा मधला गाभा भक्कम असला तरी तो बहुतांशी निर्जीव असतो. झाडाचा जीव सालीच्या लगत असतो. सालीच्या आतल्या भागातून, ज्याला परिकाष्ठ म्हणतात, पानांनी तयार केलेली साखर मुळांपर्यंत उतरते आणि त्याच्याही आत कागदासारखा पातळ असा ऊतककर नावाचा थर असतो, ज्याच्यामुळे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते. बांधावरची नको असलेली बाभूळ वाळवण्यासाठी जुने लोक कुऱ्हाडीने तिची साल गोलाकार काढून ठेवत, तेव्हा ते नेमकी हीच वाट तोडत असत. आवळलेला तारेचा दोर तेच काम सावकाश करतो. खोड फुगते, दोर फुगत नाही, आणि काही वर्षांत तो सालीत रुतून बसतो. वर पाने हिरवीगार असतात आणि खाली मुळे उपाशी राहू लागतात. म्हणूनच मालकाला काही कळत नाही, आणि कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

दोर बांधणे हेच वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. नागपंचमीला आपल्याकडे कडुनिंबाला आणि चिंचेला झोके बांधले जातात, वटपौर्णिमेला वडाला सुताचे फेरे घातले जातात आणि त्याने झाडे मेल्याचे कोणी ऐकलेले नाही, कारण झोका सण सरल्यावर उतरतो आणि सूत उन्हापावसात कुजून गळून पडते. बांधलेले सुटते की नाही, एवढाच प्रश्न आहे. (मंगल कार्यालयांच्या लॉनवर रोषणाईच्या वायरी वर्षानुवर्षे झाडांना गुंडाळलेल्या राहतात, तो विषय वेगळा आणि अधिक संतापजनक आहे.)

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे नाही. आठवीत असताना सीनाकाठच्या मामांच्या मळ्यात आम्ही भावंडांनी एका कडुनिंबावर फळ्या ठोकून घर केले होते. डझनभर मोठे खिळे मारले आणि एका आडव्या फांदीला जाड जीआय तार तिहेरी गुंडाळून फळीचा भार तिच्यावर दिला. आमची हौस दोन उन्हाळ्यांत फिटली, पण तार सोडवायचे कोणाच्याही लक्षात आले नाही. मी नोकरीला लागलो त्या सुमारास ती फांदी वाळली आणि एका वळवाच्या वादळात तुटून पडली. तुटलेल्या ठिकाणी तार लाकडाच्या आत गिळली गेलेली स्पष्ट दिसत होती. खिळे मात्र आजही खोडात आहेत, त्यांच्या जागी गाठी आल्या आहेत आणि झाड जगले आहे. त्यातला एक खिळा तेव्हा माझ्या डोक्याइतक्या उंचीवर होता, आता छातीशी येतो. वाढलो मी, खिळा नव्हे. कारण झाड उंच होते ते शेंड्यांना, खोडावर केलेली खूण जिथल्या तिथे राहते.

अमेरिकेच्या वन खात्यात आयुष्य घालवलेल्या अ‍ॅलेक्स शिगो या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी हजारो झाडे उभी चिरून 1970च्या दशकात एक गोष्ट पक्की दाखवून दिली की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते, तो भाग वेगळा काढते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. या हिशेबाने एकमेकींपासून लांब असलेल्या एक-दोन स्वच्छ जखमा झाडाला सोसतात, पण जवळजवळ केलेल्या अनेक जखमांच्या कुजण्याचे पट्टे आत एकमेकांना मिळतात. म्हणून परदेशात झाडघरे बांधणारे कारागीर आज खिळ्यांच्या ओळी मारत नाहीत. ते एकच जाड बोल्ट वापरतात. ऑरेगनमधल्या मायकेल गार्नियर यांनी 1990च्या दशकात रूढ केलेल्या या बोल्टचा दांडा सुमारे दीड इंच जाडीचा असतो, त्याच्या मध्यावर रुंद कडे असते आणि घराची तुळई खोडापासून थोडी दूर राहिल्याने खोडाला जाड व्हायला जागा मिळते. याच गार्नियर यांनी परवानगीच्या वादात आपले झाडघर भक्कम असल्याचे दाखवण्यासाठी 66 माणसे, दोन कुत्री आणि एक मांजर एकाच वेळी त्यावर चढवले होते. मांजराच्या वजनाने निकालात काय फरक पडला असेल कोण जाणे.

मग आपणही तो बोल्ट वापरावा का? सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतला एखादा लेथवाला नमुना दिल्यास तो हुबेहूब करून देईल, त्याविषयी मला शंका नाही. माझी अडचण लोखंडाची नाही, हवेची आहे. भरपूर पाऊस आणि खोल ओल असलेल्या प्रदेशात झाड जखमेवर नवे लाकूड झपाट्याने चढवते. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. अशा ठिकाणी झाडाची वाढ संथ आणि जखम बुजणेही संथ. उघडी जखम म्हणजे खोडकिड्याला आमंत्रण असते, हे डाळिंबवाल्यांना मी सांगायची गरज नाही. छाटणीनंतर जखमेवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला जो माणूस विसरत नाही, तोच माणूस दारातल्या आंब्याला पाटीसाठी खिळा ठोकतो आणि पुढे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली म्हणून हळहळतो.

आपल्याकडे यावरचा उपाय फार पूर्वीपासून शेतात उभा आहे. ज्वारी निसवली की राखणीसाठी चार मेढी रोवून माळा बांधला जाई, त्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकली जात. माळ्याला झाड लागत नसे. तो स्वतःच्या पायांवर उभा असे. झाडघराचा तोच नमुना ठेवावा, म्हणजे खांब जमिनीतून यावेत, झाडाने फक्त सावली आणि सोबत द्यावी, या मताचा मी आहे. 'मग ते झाडावरचे घर कसले?' असे माझ्या मेहुण्यांनी विचारले. वर बसल्यावर चारी बाजूंनी पाने असतील, तर पोरांना खांब कोठून येतात याचे काही सोयरसुतक नसते, हे मी त्यांना नंतर प्रत्यक्षच दाखवले.

तीन वर्षांपूर्वी बांधावरच्या चिंचेशेजारी असा माळा आम्ही बांधला. आठ बाय आठ फुटांचा, सात फूट उंचीवर, चार जीआय पाइपांवर. खरी मेहनत खड्ड्यांची होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवर रोवलेला खांब वर्षभरात तिरका होतो. मुरूम लागेपर्यंत खाली जावेच लागते. आणि झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, तीही फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत. म्हणून जेसीबीला पूर्ण मनाई केली आणि पहार-टिकावाने हळूहळू खणले. तिसऱ्या खड्ड्यात गडी थांबून म्हणाला, 'मालक, मूळ लागलंय की ओ, मनगटाएवढं.' ते तोडले असते तर अर्ध्या तासाचे काम वाचले असते. खड्डा दीड फूट सरकवला, चौकोन थोडा वाकडा झाला आणि तो वाकडेपणा आता कोणाच्या लक्षातही येत नाही. खोडाजवळ सिमेंट कालवू दिले नाही, खडी-वाळूचे ढीगही सावलीबाहेर टाकायला लावले, कारण ढिगाखाली आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली माती दबली की मुळांना हवा मिळत नाही.

झाड आणि माळा एकमेकांना कोठेही बांधलेले नाहीत. वळवाच्या वाऱ्यात झाड डुलते, माळा डुलत नाही. दोघांना जखडले की एक तरी मोडणार. एक जाड फांदी फळ्यांमधून वर जाते, तिच्याभोवती चार बोटे जागा सोडली आहे. वर पाचटाचे छप्पर आहे, पत्रा मुद्दाम टाळला, कारण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी दोन वाजता कोणीही बसू शकत नाही.

झाड निवडताना चिंच घेतली ती तिच्या चिवट लाकडामुळे. गुलमोहर दिसायला देखणा, पण ठिसूळ. रेन ट्रीच्या लांब फांद्या वादळात मोडतात. आणि शेवग्यावर चढू नये हे तर प्रत्येक आजीने सांगितलेले असते. शहराच्या हद्दीत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी: 1975च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे आणि 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते. हुरड्याच्या ठिकाणचा तो कडुनिंब शहराबाहेर असल्याने या कायद्यात बसत नसेल. वयात मात्र नक्की बसतो.

त्या यजमानांना मी निघताना एवढेच सुचवले की खाली चार खांब देऊन भार त्यांच्यावर घ्या आणि मग दोर काढा, पण सालीत रुतलेला भाग ओढून उपटू नका, दोन्ही बाजूंनी कापून आत राहिलेला तुकडा तसाच सोडा. त्यांनी हो म्हटले आहे. संक्रांतीनंतर हंगाम संपला की गडी लावतो, असा त्यांचा परवा फोन आला होता. आमच्या चिंचेभोवतीची चार बोटांची जागा आता तीन बोटे राहिली आहे, तेव्हा मलाही या सुट्टीत करवत काढून फळी कापायची आहे.