‘बटण दाबलं की वाजतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नव्वदच्या दशकात टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं नाचाचं संगीत, मंचावर लाइव्ह कसं वाजवत यावरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. ठेका यंत्रात आधीच भरलेला असतो, माणूस फक्त बटण दाबतो, आणि त्याला वादन म्हणणं हा तबलजींचा अपमान आहे. स्टेजवर बरेच जण चक्क टेप लावत. आणि या सगळ्याशी आपला काही संबंध नाही. तुमचे मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तबल्यापासूनच सुरुवात करू. एकल तबलावादनात हार्मोनियमवर तोच लेहरा, म्हणजे एकच छोटी धून, फिरत राहतो. त्यामुळे वादन खोटं ठरत नाही. लेहरा पक्का असतो म्हणूनच तबलजीला मोकळीक मिळते. ठेका वाजवणाऱ्या ड्रम मशीनचं काम तेच. पण हा लेहरा घसरू शकतो, आणि तो सावरणं वादकाकडेच असतं.

घसरतो कसा? टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बेसचे स्वर वाजवणारं यंत्र) या रोलँडच्या यंत्रांत मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणारी डिजिटल पद्धत, नव्हतंच. ८०८ कडून ३०३ ला लय जायची ती डिन सिंकवरून, म्हणजे लयीचे विद्युत स्पंद पाठवणाऱ्या जोडणीवरून, प्रत्येक बीटला २४ स्पंद. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० बीट) हे सेकंदाला ५२ होतात, म्हणजे दोन स्पंदांत साधारण १९ मिलिसेकंदांचं अंतर. एक स्पंद हुकला की ३०३ तेवढी मागे पडते आणि मागेच राहते, कारण आवर्तनात आपण कुठे आहोत ही माहिती त्या स्पंदात नसतेच. एवढा फरक कानाला कळतो: किक (ड्रम मशीनचा जड ठोका) आणि बेस एकजीव न होता आघात दुहेरी ऐकू येतो. मशीन थांबवून पुन्हा समेपासून सुरू करणं हाच उपाय. गर्दी नाचत असताना ते करायचं तर आधी डिलेवर (प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रावर) एखादा लांब स्वर पसरवून ठेवायचा, किक मिक्सरवर खाली ओढायची आणि त्या आडोशाला स्टॉप-स्टार्ट उरकायचं. ऐकणाऱ्याला तो ठरवून घेतलेला ब्रेक वाटतो.

केबलचा घोळ तर आजही जुनी यंत्रं जोडणाऱ्या प्रत्येकाला भोवतो. डिन सिंक आणि मिडी, दोन्हींचा प्लग दिसायला तोच, पाच पिनांचा. मिडीचा डेटा ४ आणि ५ वर, शील्ड २ वर. डिन सिंकमध्ये स्टार्ट-स्टॉप १ वर, ग्राउंड २ वर, क्लॉक ३ वर. पुष्कळ मिडी केबलींत १ आणि ३ ला तारच जोडलेली नसते. प्लग घट्ट बसतो आणि ३०३ ढिम्म हलत नाही. पाचही पिना जोडलेली केबल घ्यावी आणि मल्टिमीटरने एकेक पिन तपासावी. मिडी आउट सरळ ३०३ मध्ये खुपसूनही काही होत नाही, मध्ये रूपांतर करणारा डबा लागतो.

आता वादनाकडे येऊ. ३०३ मध्ये स्वर वेगळे आणि कालावधी वेगळे भरावे लागतात, जास्तीत जास्त १६ पायऱ्या. मंचावर नवी ओळ भरत बसणं जमण्यासारखं नाही, त्यामुळे सगळा खेळ आवाज गाळणाऱ्या फिल्टरच्या नॉबवर: कटऑफ (फिल्टर किती उघडा), रेझोनन्स (आवाजाची धार), एन्व्हलप (आघाताला फिल्टर किती उघडतो), डिके (तो किती वेळात मिटतो), अॅक्सेंट (निवडक स्वरांवरचा जोर). लागोपाठच्या पायऱ्यांवर अॅक्सेंट दिला की फिल्टर दर आघाताला आणखी थोडा वर उघडतो, कारण आतल्या कपॅसिटरचा चार्ज पूर्ण उतरायच्या आत पुढचा आघात येतो. ती चढत जाणारी किंकाळी अॅक्सेंट आणि रेझोनन्सचे नॉब कमी-जास्त करून आवरायची असते. ते काम हाताचंच.

ऑर्बिटल या इंग्लंडमधल्या जोडीची पद्धत वेगळी होती. ते अॅलेसिस एमएमटी-८ हे सीक्वेन्सर (स्वरक्रम साठवून वाजवणारी यंत्रं) वापरत. आठ ट्रॅक, आठ बटणं. लूप फिरत राहायचे आणि कोणता ट्रॅक कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे तिथल्या तिथे ठरायचं. १९९४ साली ग्लॅस्टनबरी या इंग्लंडमधल्या संगीत महोत्सवात त्यांनी जो कार्यक्रम केला त्यामागेही हीच रीत. यात बोटांची तयारी तबल्याच्या जवळपासही नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. निर्णय मात्र जिवंत असतो.

शिवाय उष्णता. १९९१ मध्ये बर्लिनचा ट्रेझोर हा टेक्नो क्लब सुरू झाला तो वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीत. अशा कोंदट जागेत गर्दी वाढली की एसएच-१०१ सारख्या सिंथेसायझरचा सूर सरकतो. यंत्र अर्धा तास आधी चालू करून ठेवायचं आणि तरीही हेडफोनवर अधूनमधून सूर मिळवत राहायचं.

टेपचा आक्षेप खरा आहे. डॅटवर (डिजिटल टेपवर) तयार संगीत लावून पुढे कीबोर्ड घेऊन उभं राहणारे होते, आणि त्याला लाइव्ह म्हणू नये. गोव्याच्या किनाऱ्यावरची डॅट मात्र यात ओढू नका. तिथे डीजे डॅट वापरत कारण उन्हात रेकॉर्ड वाकत. त्या डेकना वेग बदलायची सोय बहुधा नसे, म्हणून दोन गाणी ठेक्याविनाच्या भागात जोडावी लागत. ते डीजेचं काम, आणि तसंच ते मांडलं जायचं.

आपला काही संबंध नाही, या तिसऱ्या आक्षेपाला एक नाव पुरेसं आहे: चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या या वादकाने १९८२ साली ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ३०३ चा तो किंचाळणारा आवाज शिकागोतून ‘अॅसिड’ म्हणून जगभर गाजला तो १९८७ मध्ये. सिंग यांच्याकडे लय यंत्र धरतं आणि राग हात वाजवतो. लेहऱ्याची तुलना तिथेही बसते.

जुनी रेकॉर्डिंग ऐकताना खरं लाइव्ह ओळखायचं असेल तर हाय-हॅटवर (ठेक्यातल्या झांजेच्या आवाजावर) लक्ष ठेवा. ती दर वेळी बरोबर सोळाव्या बारला (आवर्तनाला) येत असेल तर शंका घ्या. कधी अकराव्याला, कधी पंचविसाव्याला येत असेल, किंवा चुकून उघडून लगेच बंद झाली असेल, तर बटणावर माणसाचं बोट आहे. कटऑफची चढण दोन वेळा तंतोतंत सारखी ऐकू आली, तर मात्र ती बहुतेक आधीच भरून ठेवलेली असते.