वीस वर्षांची गॅरंटी

सोन्याची जुनी खिशातली घड्याळं जमवायचा नाद लागला, की सोनं सोडून बाकी सगळं जमतं. भिंगं, चाव्यांचा जुडगा, तुटक्या साखळ्या आणि घरच्यांचे टोमणे.

मुळात जे पिवळं चमकतं ते बहुतेकदा पितळेवर चढवलेला सोन्याचा पत्रा असतो. अमेरिकन घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या डबीच्या, झाकणात तर तसं चक्क कोरलेलं असतं : ‘गॅरंटीड २० इयर्स’. म्हणजे तेवढी वर्षं सोनं झिजून आतलं पितळ दिसणार नाही. ही हमी माझ्या आजोबांची मुंज व्हायच्या आत संपलेली, आणि मी ती जुन्या बाजारात, भर उन्हात, भिंग लावून वाचतोय.

विकणारा मात्र ठाम. ‘साहेब, संस्थानिकाचं आहे.’ पुण्याच्या जुन्या बाजारात संस्थानिकांची जेवढी घड्याळं निघतात, तेवढी संस्थानं हिंदुस्थानात नव्हती. ‘पण हे चाळीस मिनिटं मागे दाखवतंय,’ मी म्हटलं. ‘मग? जुना मुंबई टाइम आहे!’ माणूस थापाड्या, पण थाप अभ्यासपूर्ण. १९०६ साली देशाला प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबई आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसली होती, ती थेट १९५५ पर्यंत. उरला एका मिनिटाचा फरक. तेवढी सूट मी दिली. त्याने किमतीत काही दिली नाही.

खरं अठरा कॅरेटचं हाती लागलं, तर पुढे सराफ उभा. कसोटीवर रेघ ओढून म्हणतो, ‘सोनं आहे. मशीन काढून आणा, मग वजन करू. आणि हे आतलं झाकण पितळी आहे बरं का.’ पुष्कळ स्विस घड्याळांत ते तसंच असतं, पण सांगताना त्याला झालेला आनंद बघवत नाही.

घड्याळजी भिंगातून डोळा न काढता बोलतो. ‘बॅलन्स स्टाफ गेलाय. पार्ट येत नाही. ठेवून जा.’

‘कधी मिळेल?’

‘बघू.’

आईला मी समजावून सांगितलं, की २०१४ साली जिनिव्हात पाटेक फिलिपचं असंच एक खिशातलं घड्याळ दोन कोटी बत्तीस लाख स्विस फ्रँकला गेलं.

‘तुझं किती तोळे भरेल?’

‘मशीन काढून? अडीच.’

‘मग काढ की. नाहीतरी ते चालत नाहीये.’