अनुवादक हवाय, पण अनुवाद करून दाखवू नका!

माणसं खाणाऱ्या माणसाला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतात, ते मला येतं. लग्नाचा तिटकारा असलेल्याला काय म्हणतात, तेही येतं. सिंहांच्या कळपाला वेगळा शब्द, मधमाश्यांच्या झुंडीला वेगळा, मग बंद खोलीची भीती, उंचीची भीती, पाण्याची भीती... सगळ्या भीत्या तोंडपाठ आहेत. एवढ्या भांडवलावर मी अनुवादाच्या एम.ए.ला लायक ठरलेय. हो, पास झालेय मी. त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट वगैरे ऐकवायला कुणी येऊ नका. नापास झाले असते तर कदाचित गप्प बसले असते. पास झाले, आणि कशाच्या जोरावर झाले ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात गेलीय.

मी पोटापाण्यासाठी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. विम्याची माहितीपत्रकं, बँकांचे अर्ज, औषधाच्या खोक्यातली ती दहा घड्या घातलेली चिठ्ठी, मिक्सरसोबत येणारी पुस्तिका, जे येईल ते. बरीच वर्षं हे करून झाल्यावर वाटलं, आता जरा रीतसर शिकावं. आपण जे अंदाजपंचे करतो त्यामागे काही शास्त्र आहे म्हणतात, ते तरी कळेल. म्हणून अर्ज भरला. विद्यापीठाचं नाव घेत नाही. घेतलं की सगळे त्या एकावर तुटून पडतील आणि मुद्दा राहील बाजूला.

प्रवेश परीक्षेचं केंद्र मिळालं गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. दारात तपासणी: कानातलं काढा, घड्याळ काढा, ओढणी झटकून दाखवा, बाटलीवरचा कागद सोला. एवढं सगळं करून आत जाऊन बसलो, तर पर्यवेक्षक दादा वर्गभर फिरत ओरडतायत, "कीबोर्डला हात लावायचा नाही! फक्त माऊस! कीबोर्डला हात लावला तर मशीन लॉक होईल!" शेजारच्या मुलाने घाबरून कीबोर्ड उचलून मॉनिटरच्या मागे सरकवला. मी बघतच राहिले. इथे जमलेल्यांतून अनुवादक निवडायचेत ना? जे उद्या दिवसाचे आठ तास कीबोर्डच बडवणार आहेत? त्यांनी एक अक्षर टाइप केलं तर मशीन लॉक!

मग सुरू झाली वरात. ‘गॅर्युलस’चा विरुद्धार्थी शब्द सांगा. ‘ऑब्स्टिनेट’चा समानार्थी सांगा. गाळलेल्या जागी ‘इन’ की ‘ऑन’ की ‘अपॉन’. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे काय, पर्याय चार. अहो, हा वाक्प्रचार बोलताना कुणी जिवंत इंग्रज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? मग ‘ही सेड, अलास!’ असं एक वाक्य, त्याचं इनडायरेक्ट करा. ‘अलास’ कोण म्हणतं हो? गेल्या शंभर वर्षांत आमच्या शाळांच्या व्याकरणाच्या पुस्तकांखेरीज कुणी म्हटलंय का? मग ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. मग पेंग्विनवरचा उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न. चुकलं की मार्क कापणार.

मराठीतला प्रश्न? एकही नाही. मराठीच कशाला, कुठल्याच भारतीय भाषेतला नाही. आणि अनुवाद करायला एक ओळ? तीही नाही. म्हणजे आचारी ठेवायचा, तर त्याला भाज्यांची लॅटिन नावं विचारायची आणि शेगडीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. वर महिनाभराने पंगतीत सगळं करपलं की कपाळावर हात मारायचा.

गंमत अशी की हे विरुद्धार्थी शब्दांचं खूळ परदेशातल्या एका मोठ्या परीक्षेने कधीच टाकून दिलं. अमेरिकेत पुढे शिकायला जायचं तर द्यावी लागणाऱ्या जीआरई परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असायचे. त्यापायी आपल्याकडची पोरं शब्दांच्या चिठ्ठ्या करून लोकलमध्ये घोकत बसायची. २०११ मध्ये त्यांनी परीक्षा बदलली आणि हे प्रश्न काढून टाकले. सुटे शब्द घोकून येणाऱ्याला वाचता येतंच असं नाही, म्हणून संदर्भातला शब्द विचारायचा, असा साधा हिशेब. आम्ही मात्र अजून तीच चिठ्ठी छातीशी धरून बसलोय.

आता कुणीतरी म्हणणार, इंग्रजी नको का यायला मग? यायलाच हवं! मी कधी नाही म्हटलं? पण कुठलं इंग्रजी? माझ्या टेबलावर येतं ते इंग्रजी सांगते. विमा पॉलिसीतलं एक वाक्य सहज सत्तर-ऐंशी शब्दांचं असतं. सुरुवातीला ‘नॉटविथस्टँडिंग’, मध्ये ‘प्रोव्हायडेड दॅट’, पुढे ‘अनलेस’, त्याच्या पोटात आणखी एक ‘एक्सेप्ट’, आणि शेवटाला जाईपर्यंत पैसे मिळणार की नाही हेच कळत नाही. खरं व्याकरण इथे लागतं. कुठला ‘अनलेस’ कुणाला लटकलाय हे आधी ओळखायचं. मग आपल्या मराठीत क्रियापद येतं शेवटी, म्हणजे ते सगळं लटांबर तसंच्या तसं आणलं तर वाचणारा क्रियापदाची वाट बघत म्हातारा होईल. तेव्हा वाक्य फोडायचं, अट आधी घ्यायची, अपवाद वेगळा काढायचा, ‘जर-तर’ नाहीतर ‘जो-तो’ची मोट बांधायची, आणि हे करताना अर्थातला एक पैसाही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. हे विचारा की! ऐंशी शब्दांचं एक वाक्य द्या आणि म्हणा, बघू, पॉलिसी घेणाऱ्या काकूंना कळेल असं लिही. दहा मिनिटांत दूध का दूध होईल.

किंवा त्याहून सोपं विचारा. कंपनीच्या पत्रात लिहिलेलं असतं की दुरुस्तीचा खर्च ‘वी’ करू. इंग्रजीला एक ‘वी’ पुरतो. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘खर्च आम्ही करू’ म्हणजे कंपनी करणार. ‘खर्च आपण करू’ म्हणजे काका, तुम्हीही पाकीट काढा. हे छापून आलेलं मी पाहिलंय. लिहिणाऱ्याला ‘गॅर्युलस’चा विरुद्धार्थी नक्की आला असणार, पैजेवर सांगते.

माझ्या डोक्यात खरा किडा सोडला तो मात्र एका पोरीच्या निकालाने. परभणीकडची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, मग बी.एस्सी. ॲग्री. माझ्याबरोबर अधूनमधून काम करते. कीटकनाशकांची माहितीपत्रकं हातात घेतली की तिला बघत राहावं. ‘त्वचेशी संपर्क टाळावा’ असं आधीच्या कुणीतरी केलं होतं. हिने ते खोडलं आणि लिहिलं, ‘अंगावर उडू देऊ नका. उडालंच तर लगेच साबणाने धुवा.’ ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये’ याचं काय केलं असेल? ‘वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका.’ बस. तिने आख्खं बालपण कपाशीच्या रानात काढलंय, फवारणारा माणूस पंप पाठीवर असताना काय वाचू शकतो हे तिला माहीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आठवतंय ना? त्याची कारणं पुष्कळ होती, सगळं खापर मी भाषांतरावर फोडत नाही. पण बाटलीवरचा मजकूर कळण्यासारखा असणं ही चैनीची गोष्ट नाही, हे कळायला एवढं पुरे.

तर ही पोरगी त्याच परीक्षेला बसली होती. नापास. ‘अपॉन’ने आणि मधमाश्यांनी मारलं तिला. आणि मी पास, कारण मी महिनाभर रोज रात्री मोबाईलवर एका ॲपमधून ते शब्द रट्टा मारून पाठ केले. तिच्याकडे तो महिना नव्हता, सोयाबीनची काढणी होती. आता तुम्हीच सांगा, आम्हा दोघींत अनुवादाचं डोकं कुणाचं मोजलं गेलं? कुणाचंच नाही. वेळ कुणाकडे होता, एवढंच मोजलं.

आणि कोण पुढे जातं तेही बघा. ज्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय, त्यांना हा पेपर हातचा मळ. त्यांचा राग नाही मला, हुशार असतात पोरं. पण त्यातले कितीतरी जण ‘माझी मदत कर’ म्हणतात, र्‍हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो आणि मराठीत सलग पानभर लिहायची वेळ दहावीनंतर आलेली नसते. बहुतेक सगळे अनुवाद करणार ते इंग्रजीतून मराठीतच. म्हणजे वाचायचं इंग्रजी, लिहायचं मराठी. परीक्षा मात्र फक्त वाचायच्या भाषेची, आणि तीही वाचायला न लावता! मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला साहेब. त्याने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि त्याची १८५७ ची आवृत्ती आजही आमचे लोक उशाशी घेऊन झोपतात. परक्या मुलखातून आलेल्या त्या माणसाला मराठी शब्दांची जेवढी पडली होती, तेवढी आमच्या पेपर काढणाऱ्यांना पडली असती तरी बरं झालं असतं. आपल्या पणजोबांच्या पिढीचं तर आणखी वेगळं. ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी शिकले. तेव्हा इंग्रजी यावं म्हणून भाषांतर करून घ्यायचे, आणि आता भाषांतराला घ्यायचं तर ते सोडून बाकी सगळं विचारतात.

मला राहवेना, म्हणून विभागात फोन लावला. तीनदा इकडून तिकडे जोडून झाल्यावर एक सर भेटले. गोड माणूस, आवाजात अजिबात चढ नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं तत्त्वतः मान्य आहे. पण प्रॅक्टिकली कसं करणार? मराठीचा उतारा दिला तर कन्नडचा द्यावा लागेल, ओडियाचा द्यावा लागेल. बावीस भाषा. तपासणार कोण?"

तपासणार कोण! बरं, मग यूपीएससीत कोण तपासतं? आयएएस व्हायला निघालेल्या पोरांना मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा एक सक्तीचा पेपर असतो, तीनशे मार्कांचा. मार्क गुणवत्तेत धरत नाहीत, पण पंचवीस टक्के नाही मिळाले तर बाकीच्या पेपरांचे मार्क विचारातच घेत नाहीत. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली कुठलीही भाषा घ्या. निबंध, सारांश, आणि नीट ऐका, इंग्रजीतून त्या भाषेत भाषांतर आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर. हाताने लिहायचं, कागदावर. दरवर्षी हजारो पोरं लिहितात, माणसं बसून तपासतात. म्हणजे या देशात कलेक्टर व्हायचं तर भाषांतर करून दाखवावं लागतं आणि अनुवादक व्हायचं तर लागत नाही! केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी अनुवादक घेतात, त्या एसएससीच्या (दहावी नव्हे, कर्मचारी निवड आयोगाच्या) परीक्षेतही आधी पर्यायांचा पेपर आणि मग दुसरा पेपर लिहायचा, भाषांतर आणि निबंध. जमतं की नाही? मशीनच्या पेपरने आधी गर्दी कमी करा हवी तर, माझी ना नाही. पण नंतर तरी दोनशे शब्दांचा उतारा द्या ना हातात!

मी हे सगळं सरांना एका दमात सांगितलं. ते ‘हं, हं’ करत होते. मग म्हणाले, आमच्या कोर्सला अर्ज किती येतात, शिक्षक किती, त्यातले कंत्राटी किती, तुम्हाला कल्पना नाही. ती कल्पना मला आहे, आणि ते खोटं नाही. तासिका तत्त्वावर राबणारी माणसं रविवारी उतारे तपासत बसणार नाहीत, आणि बसूही नये फुकटात. पण मग तसं सांगा. पैसे नाहीत, माणसं नाहीत, म्हणून सोयीचा पेपर काढतो, असं छापा माहितीपुस्तिकेत. तिथे मात्र मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय? ‘उमेदवाराची अनुवादक्षमता जोखण्यासाठी’ ही परीक्षा आहे म्हणे. कुठली क्षमता? कुठे जोखली? माऊसने?

त्या पोरीला मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत बस, ॲप देते माझं. ती म्हणाली, "ताई, तेवढ्या वेळात मी चार पत्रकं करीन, पैसे तरी मिळतील." खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

सरांनी फोन ठेवता ठेवता एक उपकार केला. म्हणाले, तुमची सूचना चांगली आहे, लेखी द्या, अभ्यास मंडळापुढे ठेवतो. मी म्हटलं, आजच पाठवते, मराठीत सविस्तर लिहिते. तर म्हणाले, "नको नको, इंग्रजीत द्या. बाकीच्या मेंबरांना मराठी येत नाही."

दिलीय पाठवून. सगळी प्रिपोझिशन जागच्या जागी.