स्वरमंडळात शिकण्यासारखं काय आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

स्वरमंडळ, म्हणजे गाताना मांडीवर घेऊन छेडायचं अनेक तारांचं पेटीसारखं वाद्य, ते लावण्याबद्दल (सुरात आणण्याबद्दल) आणि जपण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हे ‘शिकायचं’ वाद्यच नाही, तारांवरून बोटं फिरवली की झालं. फोनवर ट्यूनर असताना कानाने तारा लावत बसणं म्हणजे रियाजाचा वेळ फुकट घालवणं. सगळे स्वर ओळीने वाजतात म्हणून रागाचं चलन, म्हणजे त्यातल्या स्वरांची ठरलेली चाल, बिघडतं. पावसाळ्यात तारा उतरवून ठेवाव्यात हे मी सांगितलंच नाही. आणि एकूणच हे गवयांचं अलीकडचं फॅड आहे.

शेवटचं आधी घेते. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने सुरमंडलाची, म्हणजे याच वाद्याची, नोंद केली आहे. कानून या अरबी-इराणी तंतुवाद्यासारखं वाद्य, २१ तारा, काही पोलादी, काही पितळी, काही तातीच्या (आतड्याच्या). अकबराच्या दरबारातल्या कलावंतांच्या यादीत ग्वाल्हेरचा बीरमंडल खान हे वाद्य वाजवणारा म्हणून येतो. बडे गुलाम अली खाँसाहेब, किशोरीताई आमोणकर, पंडित जसराजजी या गायकांच्या मांडीवर स्वरमंडळ दिसलं ते इतक्या जुन्या परंपरेतून. फॅड हा शब्द इथे लागू होत नाही.

चलनाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो तुम्ही मांडलात याचा मला आनंद झाला. पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत बोट सरसकट फिरवलं तर कुठलाही राग सपाट होतो. पण म्हणूनच काय लावायचं आणि काय लावायचं नाही, हे शिकावं लागतं. बिहागात आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य. मग ते तारांवर ठेवायचेच कशाला? सा ग म प नि एवढंच लावावं, अवरोहातले ते अल्प रे-ध गळ्यातून यावेत. भूप आणि देशकाराचे स्वर तेच, पण भूपात गंधाराच्या तारा दुहेरी लावा आणि देशकारात धैवताच्या, नुसत्या छेडण्यातूनच वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, कुठला ते ऐकू येऊ लागतं. यमन गाऊन झाल्यावर भूप घ्यायचा असेल तर तीव्र मध्यमाच्या तारा अर्धा स्वर चढवून पंचमाला मिळवाव्यात, निषादाच्या तशाच षड्जाला. एकही तार रिकामी राहत नाही आणि सा-प भरदार होतात. असा हिशेब मांडताना रागाचा जेवढा विचार होतो, तेवढा नुसत्या पलट्यांनी होत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि बोट? ते तीन-चार तारांपुरतंच फिरवावं, गाण्यातल्या विसाव्याच्या जागी. मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीवर, तर नकोच.

आता ट्यूनर. माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे.

बहुतेक ॲप सप्तकाचे बारा सारखे भाग करून स्वर दाखवतात. आपल्या तानपुऱ्यातून निघणारा गंधार त्या भागांत बसत नाही, ॲपच्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले १४) उतरा असतो. हे आकड्यात सांगते. काळी एक पट्टीत, पुरुषी आवाजाचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या जोडीच्या (षड्जाला लावलेल्या मधल्या दोन) तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे ६९३. ॲपचा गंधार त्याच उंचीवर ६९८.५. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पाच-साडेपाच हेलकावे, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. ॲपवर हिरवा दिवा लागलेला असतो आणि स्वरमंडळ तानपुऱ्याशी भांडत असतं. गाणारा मग नकळत दोघांच्या मधला गंधार घेतो. विद्यार्थ्यांच्या गळ्यात हे बसलेलं ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण बसलेला गंधार पुन्हा जागेवर आणणं अवघड असतं. षड्ज ठरवायला ॲप जरूर घ्यावं. पुढचं सगळं तानपुरा सुरू ठेवून: आधी सगळे षड्ज, मग पंचम किंवा मध्यम, मग गंधार, बाकीचे शेवटी. हेलकावे मंदावत मंदावत थांबतात तो क्षण पकडणं, हेच या वाद्याचं शिक्षण. त्यात गेलेला वेळ मी रियाजातच धरते.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने लावत जाऊ नये. ताण एका बाजूला वाढतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून दोन फेऱ्या लागतातच. तार चढी झाली असेल तर नुसती उतरवून सोडू नये, थोडी खाली नेऊन पुन्हा वर आणावी, म्हणजे खुंटी धरून राहते. खुंटी फिरवायची चावी सरळ बसवावी, आडवा जोर देऊ नये, नाहीतर खुंटीचं भोक सैलावतं.

पावसाळ्यात तारा पूर्ण उतरवाव्यात हे मला पटत नाही. पाव मिलिमीटर जाडीची, ४५ सेंटीमीटर लांबीची पोलादी तार काळी एकच्या २७७ हर्ट्झला लावली तर तिच्यावर साधारण अडीच किलोचा ताण येतो. अशा ३६ तारा धरा, वाद्याच्या लाकडी सांगाड्यावर ८५ किलोंच्या आसपास ओढ असते. लाकूड त्या ओढीला सरावलेलं असतं. ती एकदम काढली आणि दोन महिन्यांनी एकदम लावली की वाद्य कितीतरी दिवस सुरात थांबत नाही. शिवाय खुंटीजवळ तार पुन्हा पुन्हा वाकून तिथेच तुटते. बराच काळ वाजवायचं नसेल तर सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवा, तेवढ्यानेही ताण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. वाद्य ठेवायच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारा पुसा, कोकणात आणि मुंबईत तर न चुकता. तेलाचं बोट खुंट्यांच्या आसपासही नको, पकड जाते.

तुमचं स्वरमंडळ कित्येक वर्षं कपाटात आहे असं तुम्ही लिहिलंय. ते काढलंत तर आधी तारांखालची धूळ रंगाच्या मऊ ब्रशने काढा आणि गंजलेल्या तारा बदलून घ्या, त्या चढवताना तुटतात आणि हाताला लागतात. मग पहिल्या दिवशी दोन स्वर खालीच लावा, दोन-तीन दिवसांनी एक स्वर चढवा, त्यानंतर पट्टीत आणा. एखादी खुंटी फिरून मागे येत असेल तर ती ठोकू नका. मिरजेत किंवा तुमच्या जवळच्या कारागिराकडे न्या, तो जरा जाड खुंटी बसवून देतो.