गेघार्द ‘करून’ यायचं कसं

आर्मेनिया ‘करायला’ निघालात ना? मग राजधानी येरेवानहून गारनीचं देऊळ आणि गेघार्दचा मठ ही अर्ध्या दिवसाची सहल ओघानं आलीच. दुबईच्या भाच्यानं केली, साडूनं केली, आता तुमची पाळी. अंतर जेमतेम ४० किलोमीटर. मठ बराचसा १३व्या शतकातला, निम्मा बांधलेला, निम्मा आझात नदीच्या दरीतल्या कड्यात कोरलेला. जाण्याआधी काही वाचू नका. वाचलं की थांबावंसं वाटतं, आणि ड्रायव्हरनं दुपारच्या जेवणाची वेळ दिलेली असते.

गेघार्द म्हणजे भाला. क्रुसावरच्या येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथे जपून ठेवला होता, अशी श्रद्धा. आता तो एचमियाझिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाच्या, संग्रहालयात आहे. हे कळताच चेहरा पाडा आणि ‘मग इथे आहे काय?’ असं विचारा. प्रवेश फुकट असल्यामुळे पैसे परत मागायची सोय नाही, हे तेवढं वाईट.

दरवाजाबाहेरच्या कड्याला कोनाडे आणि कंगोरे आहेत. त्यावर भाविक खडे फेकतात. खडा वर टिकला तर इच्छा पूर्ण. इथे मात्र हवा तितका वेळ घालवा. निम्मा तास गेला तरी चालेल, सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न काही एका खड्यात सुटणारा नाही.

वाटेत खाचकार दिसतील, म्हणजे क्रॉस कोरलेले उभे दगड. जाळीसारखं बारीक काम असतं, टेकून उभं राहायला छान. आपण वीरगळांवर कपडे वाळत घालणारी माणसं, आपल्याला कोण काय बोलणार!

मुख्य चर्च १२१५ सालचं, झकारियान घराण्याच्या काळातलं. ते बाहेरूनच पाहा, कारण खरी परीक्षा पुढे आहे. शेजारची दालनं आणि दोन चर्चं अख्खी डोंगरात कोरलेली आहेत. एकात खडकातून झरा वाहतो. मठाचं जुनं नाव आयरिवांक, म्हणजे गुहेतला मठ, आणि हा झरा ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून पवित्र मानलेला. लगेच बाटली भरा आणि आत शिरल्या शिरल्या जाहीर करा : ‘आपल्या कैलास लेण्यापुढे हे काहीच नाही!’ वाद घालायला मुद्दा पक्का आहे. कैलास ८व्या शतकातलं, हे १३व्या. पाचशे वर्षांची सीनियॉरिटी आपली. इथल्या गाल्झाक नावाच्या कारागिरानंही छिन्नी चालवली, खांब, कमानी, घुमट सगळं एकाच दगडातून काढलं, वगैरे वगैरे. (वेरूळला तुम्ही शेवटचे सहावीच्या सहलीत गेला होता आणि आठवतो तो फक्त डबा, हे सांगायची गरज नाही.)

आता नीट ऐका. आत उजेड येतो तो फक्त घुमटाच्या माथ्यावरच्या भोकातून. अंधाराला डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच बाहेर पडा. रेंगाळलात तर १२८३च्या दालनात भिंतीवर हळूहळू दोन सिंह दिसू लागतील, गळ्यात साखळी बांधलेले, आणि त्यांच्याखाली पंजात कोकरू धरलेला गरुड. ते प्रोशियान घराण्याचं चिन्ह. मग हे प्रोशियान कोण, साखळी कशाला, कोकराचं काय झालं, असे प्रश्न पडतात आणि जेवण हुकतं. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च सरळ लोकांच्या डोळ्यांत मारावा.

बाहेरच्या जिन्यानं वर गेलं की १२८८चं आणखी एक दालन आहे, चार जाड खांबांचं. आवाज इथे असा घुमतो की एका माणसानं सूर लावला तरी दगड साथीला बसल्यासारखा वाटतो. कधीकधी चार-पाच गायक जुनी स्तोत्रं म्हणत असतात. त्यांचा सूर विरत असताना जी शांतता पसरते, नेमकी ती गाठून खालच्या मंडळींना हाक मारा : ‘अहो, पाणी आहे का?’ जमिनीत खालच्या दालनात उघडणारं भोकही आहे, उत्तर थेट मिळतं.

परतताना आजीबाई गाता विकत असतात. परातीएवढी गोड भाकरी, पोटात मैदा, लोणी, साखर. घासाघीस करून अर्ध्यावर आणा; खाल्ल्यावर ‘आपल्या साटोरीची सर नाही’ म्हणा. चांगली लागली हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

एक राहिलंच. चर्चमधून बाहेर पडताना इथले लोक वेदीकडे पाठ करत नाहीत, उलट्या पावलांनी दारापर्यंत येतात. आपल्याकडे गाभाऱ्यातून आजी निघायची, तसंच. तुम्हीही उलट्या पावलांनीच याल, कारण अख्खा घुमट फोटोत मावत नाही. दाराशी एखाद्या म्हातारीला धक्का लागेल. तिला वाटेल, तुम्हीही भाविकच. ती हसून वाट देईल. तिचाही एक फोटो घ्या.