‘चॉक्टॉ स्वखुशीनं गेले’ म्हणणाऱ्यांनी कलम १४ वाचावं

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मजकूर फिरतोय. चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या हकालपट्टीवरच्या मुलांच्या कादंबऱ्या केवळ रडवण्यासाठी रचल्यात, चॉक्टॉंनी तह करून स्वखुशीनं मिसिसिपी सोडलं, राहायचं होतं त्यांना जमीन मिळाली, आणि ‘अश्रूंची वाट’ (मूळनिवासींना हुसकावून पश्चिमेला नेलं तो प्रवास) तर चेरोकी या दुसऱ्या जमातीची, असं त्यात म्हटलंय. तो वाचून माझ्या बहिणीनं दहा वर्षांच्या लेकीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

स्वखुशीनं? जानेवारी १८३० मध्ये मिसिसिपी राज्यानं चॉक्टॉंचं स्वतःचं शासन कायद्यानं मोडीत काढलं. प्रमुख म्हणून कारभार पाहणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद. मे महिन्यात मूळनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा अमेरिकी सरकारचा कायदा आला. २७ सप्टेंबरला मिसिसिपीतल्या डान्सिंग रॅबिट क्रीक इथे तहावर सह्या झाल्या, तेव्हा विरोधातले बरेच जण आधीच घरी परतले होते.

सगळ्यात संताप येतो तो ‘जमीन मिळाली’ या मुद्द्याचा. तहाचं कलम १४ तसं म्हणतं खरं: कुटुंबप्रमुखाला ६४० एकर, सोबत राहणाऱ्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक अविवाहित मुलामागे ३२०, दहाच्या आतल्या मुलामागे १६०. म्हणजे बारा आणि सहा वर्षांची मुलं असलेल्या घराचे १,१२० एकर. पाच वर्षं तिथेच राहिलं की मालकी. त्यासाठी तह मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत सरकारी एजंटाकडे नाव नोंदवायचं. हा एजंट म्हणजे विल्यम वॉर्ड. त्यानं माणसांना हाकलून लावलं. इंग्रजी न येणारे लोक घरातली माणसं मोजून काड्यांच्या जुड्या घेऊन आले, तर त्यानं त्या फेकून दिल्या. हजारो लोक मागे राहिले होते. यादीत नावं चढली फक्त ६९ कुटुंबप्रमुखांची. बाकीच्यांची कसलेली शेतं सरकारी जमीन म्हणून विक्रीला निघाली. अशा कादंबऱ्यांतला बाप नाव नोंदवायला जाऊन हात हलवत परत येतो, तो यामुळे.

या कादंबऱ्यांतली, बर्फाळ मिसिसिपी नदीत उड्या टाकणारी कुत्री म्हणे लेखकांची कल्पना! १८३१ च्या अखेरीस मेम्फिसला फ्रेंच लेखक तोकव्हिलनं हे डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. निघालेल्या चॉक्टॉंसोबत आजारी माणसं, तान्ही मुलं, मरणपंथाला लागलेले म्हातारे. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. माणसं बोटीत चढली, कुत्री काठावर राहिली. धनी चाललेत हे कळताच ती विव्हळली आणि सगळी एकदम पाण्यात झेपावून बोटीमागे पोहू लागली. माणसांत मात्र ना हुंदका, ना आरडाओरडा. या प्रसंगी आक्रोश रंगवणारी पुस्तकं चुकतात, ती इथे.

आणि ‘अश्रूंची वाट’ फक्त चेरोकींची? त्यांची वाट १८३८-३९ ची. चॉक्टॉंच्या मुख्य तुकड्या १८३१ ते १८३३ मध्येच गेल्या होत्या.

एक मान्य करावं लागेल: काही पुस्तकं खरंच ढिली आहेत. श्रीमंत चॉक्टॉंकडे कृष्णवर्णीय गुलाम होते, त्यांनाही या वाटेवर नेलं गेलं. मुलांच्या पुस्तकांत ते बहुतेक वेळा गायबच असतात. चित्रांत तर कातडी तंबू आणि पिसांचे मुकुट सर्रास दिसतात. तरीही पुस्तक मुलीला परत द्या. तंबूचं चित्र आलं की सांगा, चॉक्टॉ मक्याची शेती करणारे होते आणि त्यांची घरं ओंडक्यांची, फटी मातीनं लिंपलेली असत.